३३३ विरुद्ध १११

मेढ्याच्या स्टँडवर साताऱ्याच्या एसटीची वाट बघताय? तोवर एका मतमोजणीची गोष्ट वाचा.

साल १९५६, महिना ऑक्टोबर. महाराष्ट्र, गुजरात, मुंबई असं सगळं मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य होणार होतं. मुख्यमंत्री कोण? ते ठरवायचं होतं काँग्रेसच्या आमदारांनी. मोरारजी देसाईंना बिनविरोध निवड हवी होती. पण भाऊसाहेब हिरे आडवे आले आणि मोरारजींनी माघार घेतली. मग हिऱ्यांसमोर उभे राहिले आपले यशवंतराव चव्हाण. हिऱ्यांना १११ मतं, यशवंतरावांना ३३३. बरोबर तिप्पट! वय अवघं ४३.

हा माणूस कुठला? १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रेत जन्म. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यातच होतं. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी कष्टानं वाढवलं. शाळा कऱ्हाडची. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, मग वकिली आणि १९४६ ला आमदारकी.

आता खरी गंमत बघा. आमदारांनी नेता निवडला, पण लोकांनी कुठं निवडला होता? संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं पेटली होती आणि यशवंतराव नेहरूंच्या बाजूनं उभे राहिलेले. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द कऱ्हाडात यशवंतराव जेमतेम निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा काळे झेंडे घेऊन माणसं रस्त्यावर उतरली होती. आपल्या जावळीच्या डोंगरानं तो राग जवळून पाहिलाय.

यशवंतरावांनी तो राग ओळखला. द्वैभाषिक चालणार नाही, हे त्यांनी दिल्लीच्या गळी उतरवलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि पहिले मुख्यमंत्री तेच झाले. दोन वर्षांनी जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. मेढ्यातली पंचायत समिती त्यातलीच. पुढं चीन युद्धाच्या वेळी ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. समाधी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर आहे.

समजा, मोरारजी त्या दिवशी हटले नसते तर? महाराष्ट्र झाला असताच, लोक गप्प बसणारे नव्हते. पण कधी आणि किती रक्त सांडून, कुणास ठाऊक.

कॉलेजात उद्या तुम्ही प्रतिनिधी झालात, तर एवढं ध्यानात ठेवा. मतं एका दिवसात मिळतात. ज्यांनी दिली नाहीत त्यांचं म्हणणं समजून घ्यायला यशवंतरावांनाही साडेतीन वर्षं लागली.

चला, गाडी लागली बघा!