सोलापूरच्या वालचंदांची जुनी बोट आणि नवी मोटार

भारतातील आधुनिक जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा इतिहास उघडला, की पहिल्या काही पानांत एकच नाव पुन्हा पुन्हा भेटते. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे. विशेष म्हणजे हा माणूस ना समुद्रकाठी जन्मला, ना कोणत्या कारखान्याच्या आवारात. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, सावकारी आणि कापसाच्या व्यापारात स्थिरावलेले. जुन्या गिरणीचा भोंगा वाजू लागून त्या वेळी अवघी पाच वर्षे झाली होती. आई बालपणीच गेली. शालेय शिक्षण सोलापुरात, पुढचे मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात झाले, पण पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना शिक्षण सोडून घरी परतावे लागले.

घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. सावकारीत पैसा बसल्या जागी वाढतो, आणि बसून राहणे हा वालचंदांचा स्वभाव नव्हता. पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून ते बांधकामाच्या ठेक्यांकडे वळले. पहिले मोठे काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे. १८९७ मध्ये सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही छोटी गाडी त्या काळी जगभरच्या अभियंत्यांच्या चर्चेचा विषय होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तिच्या डब्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादाची हलकी चौकट वापरली होती आणि प्रत्येक आसावर सारखाच भार येईल अशी रचना केली होती. चौकट हलकी, पण भक्कम. त्यामुळे अरुंद आणि हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येई. सोलापूर जिल्ह्याच्या माळावर भराव घालणाऱ्या तरुण ठेकेदाराने हे सारे जवळून पाहिले असणार. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे हाती घेतले, त्यात वाहतूक हाच धागा कायम राहिला.

पहिल्या महायुद्धात फाटक आणि वालचंद यांच्या कंपनीला लष्करी बांधकामांची कामे मिळाली, हाती भांडवल आले. युद्ध संपले तेव्हा वालचंद ३५ वर्षांचे होते. याच सुमारास, १९१९ च्या आरंभी, दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीच्या प्रवासात त्यांच्या कानावर एक बातमी आली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ नावाची बोट विक्रीला निघाली होती.

ही बोट नवी नव्हती. इंग्लंडमधील बॅरो येथे १८९० मध्ये तिचे जलावतरण झाले, तेव्हा तिचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असे होते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती व्हँकुव्हर, योकोहामा आणि हाँगकाँग या मार्गावर दोन तपे धावली. सुमारे ५,९०० टनांची, दोन धुराड्यांची, तीन डोलकाठ्यांची, पांढऱ्या रंगाची आणि शिडाच्या जहाजासारखे निमुळते नाळ असलेली ही बोट आपल्या उमेदीत पॅसिफिकची शान मानली जाई. १९१४ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय केले. ‘लॉयल्टी’ हे नाव तेव्हाचे. युद्ध संपताच रुग्णालयाची गरजही संपली.

वालचंदांनी बोट घेण्याचे ठरवले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास हे सोबतीला आले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली आणि ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनकडे नांगर उचलला. नोंदणी आणि प्रस्थान यांत अवघे नऊ दिवस. भारतीय मालकीच्या बोटीने इंग्लंडच्या वाटेवर निघणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. किनाऱ्यावरचा आणि परदेशचा बहुतेक सारा माल ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींतून जात असे. स्वतः वालचंद आणि नरोत्तम मोरारजी याच बोटीतून गेले, कारण इंग्लंडमध्ये आणखी बोटी खरेदी करायच्या होत्या. याच प्रस्थानाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पण सोहळ्याच्या भाषणांत सहसा न सांगितली जाणारी बाजूही आहे. जुने वाहन नव्याने चालते करायचे, तर दोन वाटा असतात. वरची डागडुजी करून, रंग देऊन ते रस्त्यावर आणायचे. किंवा सारे उतरवून, आतला सांगाडा उघडा करून, गंजलेला प्रत्येक भाग बदलून पुन्हा उभे करायचे. पहिली वाट स्वस्त आणि लवकरची, दुसरी खर्चाची आणि धीराची. ‘लॉयल्टी’च्या बाबतीत दुसऱ्या वाटेला ना वेळ होता ना भारतात तशी गोदी होती. रुग्णालयाची बोट प्रवासी बोट झाली खरी, पण तिचे वय २८ वर्षांचेच राहिले. कोळसा भरपूर खाणारी, सतत दुरुस्ती मागणारी ही बोट कंपनीला फायद्याची ठरली नाही. १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. ज्या बोटीच्या नावाने आज देश दिवस साजरा करतो, ती जेमतेम चार वर्षे सिंदियाकडे होती.

सिंदियाचा खरा झगडा मात्र तिच्याविना पुढे चालूच राहिला. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने किनारी वाहतुकीचे दर पाडून नव्या कंपनीची कोंडी केली. कंपनी विकत घेण्याचाही प्रस्ताव आला. भागीदारांनी तो नाकारला. अखेर १९२३ मध्ये तडजोड झाली. सिंदियाला टिकू देण्यात आले, पण ७५ हजार टनांची मर्यादा घालून आणि प्रवासी वाहतुकीत न शिरण्याच्या अटीवर. वालचंदांना ही तडजोड मनापासून पटलेली नव्हती. तरीही कंपनी बुडाली नाही, हे तिचेच फळ म्हणावे लागते. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर अध्यक्षपद वालचंदांकडे आले.

मधल्या काळात त्यांचे इतर उद्योग विस्तारत होते. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि बोरघाटातील बोगद्यांचे अवघड काम तिने पार पाडले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वसलेले वालचंदनगर ही त्यांची साखरेची दोन ठाणी. १९३२-३३ मध्ये ते भारतीय वाणिज्य महासंघाचे अध्यक्ष होते. या साऱ्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिता येईल. पण वालचंदांचे मन ज्यात गुंतले होते ती गोष्ट वेगळी होती. बाहेरची जुनी वा तयार वाहने आणून चालवण्यापेक्षा वाहन येथेच, तळापासून उभे करायचे.

मोटारीच्या बाबतीत हा फरक समजून घेण्याजोगा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. पण तेथे परदेशातून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग जोडले जात. लांब पोलादी पट्ट्यांची चौकट खाली ठेवायची, आडव्या पट्ट्यांनी ती बांधायची, पाट्यांच्या स्प्रिंगांवर आस बसवायचे, मग इंजिन, गिअर, स्टिअरिंग. मालमोटारीची तर एवढ्यावरच विक्री होई. चौकटीवरचा हौदा किंवा बसची टपावळ गावोगावचे सुतार आणि लोहार आपल्या पद्धतीने बांधत. वरचा लाकडी साज आपला आणि खालची चौकट परकी, अशी ही विभागणी. वालचंदांना आणि त्यांच्या आधीपासून हीच योजना मांडणाऱ्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना हवी होती ती खालची चौकट आणि तिच्यावरचे इंजिन.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने या योजनेला अनुकूलता दाखवली. वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फळाला आली नाहीत; क्रायस्लर कंपनीशी १९४० मध्ये करार झाला. पण तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि दिल्लीच्या सरकारने मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास नकार दिला. सैन्याला मोटारी हव्या होत्या, त्या परदेशातून येत होत्या आणि येथे कारखाना काढायला परवानगी नव्हती. हा विरोधाभास वालचंदांनी जन्मभर विसरला नसावा.

त्याच अमेरिका दौऱ्याहून परतताना, १९३९ मध्ये, पॅसिफिकवरील विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली हे अमेरिकी विमान उद्योजक भेटले. आगगाडीतल्या एका बातमीने जहाज कंपनी निघाली होती. या भेटीतून विमान कारखाना निघाला. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरात जागा दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचे शिकाऊ विमान तेथे जोडून तयार झाले. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. मग तेथे अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. लढाईतून परतलेली विमाने उघडायची, तपासायची, पुन्हा जोडून आकाशात पाठवायची. शेकडो भारतीय कारागिरांचे हात या कामात तयार झाले. युद्धानंतर याच कारखान्याने रेल्वेचे पोलादी डबे आणि बसच्या बॉडी बांधल्या. ‘लॉयल्टी’च्या वेळी जी कारागिरी देशात उपलब्ध नव्हती, ती अशा आडवाटेने येथे रुजली.

जहाजबांधणीचेही तसेच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम रेंगाळले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ ही आठ हजार टनांची बोट पाण्यात उतरली. हिचा कणा, फासळ्या, पत्रे येथेच जोडले गेले होते. जुन्या बोटीने सुरू झालेल्या कंपनीला स्वतःची नवी बोट बांधायला २९ वर्षे लागली.

मोटारीचा योग त्याआधी वर्षभर जुळला होता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तेथून डॉज, प्लिमथ, डिसोटो मोटारी आणि फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. आरंभी येथेही खोक्यांतले भाग जोडण्याचेच काम होते, हे मान्य करायला हवे. पण एकेक भाग येथे घडवण्याचा क्रम ठरलेला होता. पुढे फियाटशी करार झाला आणि त्यातून आलेली मोटार कालांतराने ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच झाले. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हौशी मंडळींच्या गॅरेजांत मात्र जुन्या पद्मिनी अजूनही उघड्या करून, गंज खरवडून, पुन्हा उभ्या केल्या जातात.

हा विस्तार पाहायला वालचंद फार काळ नव्हते. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. १९५२ मध्ये विशाखापट्टणमची गोदीही सरकारी मालकीत गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाला तीनच दिवसांपूर्वी ३४ वर्षे झाली होती.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव १९५५ मध्ये मिळाले. जन्मगावी, सोलापुरात, वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ मध्ये सुरू झाली.