वर्गातील चर्चेचा शिक्षक : हेन्री डेरोझिओ

आपल्या मुलांच्या इंग्रजीविषयी पालकांची एक तक्रार नेहमी कानावर येते. मुलगा धडा वाचतो, प्रश्नांची उत्तरे पाठ म्हणतो, परीक्षेत गुणही बरे मिळवतो. पण कोणी समोर उभे राहून इंग्रजीत चार वाक्ये बोलले की गोंधळून जातो. डोळ्यांना ओळखीचे झालेले शब्द कानांना अनोळखीच राहतात. हा प्रश्न आजचा नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका कोवळ्या वयाच्या शिक्षकाने यावर आपल्या परीने मार्ग काढला, आणि त्याची जबर किंमतही मोजली. त्यांची ही हकीकत.

हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ यांचा जन्म 18 एप्रिल 1809 रोजी कलकत्त्यात झाला. घराणे पोर्तुगीज वंशाचे, ख्रिस्ती. वडील एका इंग्रज व्यापारी पेढीत नोकरीस होते. लहानपणी हेन्रीला डेव्हिड ड्रमंड या स्कॉटिश गृहस्थांच्या धरमतल्ला येथील शाळेत घातले. त्या काळच्या मानाने ही शाळा वेगळीच म्हणायची. गोऱ्यांची, मिश्र वंशाची आणि हिंदी मुले तेथे एका बाकावर बसत. शाळेत नाटके होत, मुले उभी राहून कविता म्हणत. म्हणजे इंग्रजी ही तेथे केवळ वाचायची नव्हे, तर ऐकायची आणि बोलायची भाषा होती. पुढे हेन्रीने शिक्षक म्हणून जे केले, त्याचे बीज येथेच पडले असावे असे मला वाटते.

चौदाव्या वर्षी शाळा संपली. काही काळ वडिलांच्या पेढीत कारकुनी केली, मग भागलपूरकडे नातेवाइकांच्या निळीच्या कारखान्यावर काम केले. तेथून पाठवलेल्या कविता कलकत्त्याच्या वृत्तपत्रात छापून येऊ लागल्या. 1826 साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांची हिंदू कॉलेजात शिक्षक म्हणून नेमणूक झाली. विद्यार्थ्यांपैकी काहीजण त्यांच्याच वयाच्या आसपासचे!

हिंदू कॉलेज 1817 साली निघाले होते. तेथे त्या वेळी फक्त हिंदू मुलांनाच प्रवेश असे. सर्व धर्मांच्या मुलांना दार उघडले ते 1855 साली त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले तेव्हा. आपल्या वाचकांनी ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

डेरोझिओंकडे इंग्रजी साहित्य आणि इतिहास हे विषय होते. मुले घरी बंगाली बोलणारी; इंग्रजी त्यांच्या कानावर पडे ते कॉलेजातच. डेरोझिओंनी नेमलेले पुस्तक शिकवून भागवले नाही. वर्गाच्या वेळेबाहेर मुलांना जमवून ते त्यांना साहित्य, तत्त्वज्ञान वाचून दाखवीत आणि मग त्यावर बोलायला लावीत. एकाने मत मांडावे, दुसऱ्याने ते खोडावे, तिसऱ्याने दोघांनाही शंका विचाराव्या. मुले कॉलेजात पुरेशी गाठ पडली नाही तर त्यांच्या घरी जात.

यातील खुबी पालकांनी नीट पाहावी. व्याख्यान चालू असताना मूल नुसते मान हलवू शकते. त्याला समजले की नाही हे शिक्षकालाही कळत नाही. पण चर्चेत समोरच्याचे म्हणणे खोडायचे असेल तर ते आधी नीट ऐकावे लागते. नाही ऐकले तर उत्तर भलतेच जाते आणि वर्गात हसे होते. शिवाय एकच मुद्दा चार तोंडांतून, चार वेगवेगळ्या शब्दांत कानावर येतो. पहिल्यांदा निसटलेला अर्थ तिसऱ्यांदा सापडतो. न कळल्यास पुन्हा विचारण्याची मुभा असते, आणि तसे विचारण्यात कमीपणाही वाटत नाही.

1828 च्या सुमारास या चर्चांतून अकॅडेमिक असोसिएशन ही सभा उभी राहिली. डेरोझिओ तिचे अध्यक्ष. बैठका पुढे माणिकतल्ला येथील एका बागेतल्या घरात भरत. विषय साधे नव्हते : दैव मोठे की प्रयत्न, सद्गुण म्हणजे काय, देशप्रेम, मूर्तिपूजा, ईश्वराचे अस्तित्व. डेव्हिड हेअर यांच्यासारखे शिक्षणप्रेमी आणि मोठे इंग्रज अधिकारीही ही वादसभा ऐकायला येऊन बसत.

पण मुले हाच वाद घरी नेऊ लागली. आईवडिलांच्या रूढींना प्रश्न विचारू लागली. शहरात ओरड झाली, काही पालकांनी मुलांना कॉलेजातून काढले. डेरोझिओ नास्तिकता शिकवतात, वडीलधाऱ्यांचा अनादर करायला सांगतात, असे आरोप झाले. त्यांनी ते लेखी नाकारले. देवाविषयीच्या दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवल्या, एकच बाजू सांगणे अन्यायाचे झाले असते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मात्र व्यवस्थापकांचा निर्णय आधीच झाला होता. एप्रिल 1831 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

पालकांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णमोहन बॅनर्जी यांच्या घरी जमलेल्या मित्रांनी निषिद्ध मांस शेजाऱ्याच्या घरात टाकले. कृष्णमोहन स्वतः तेव्हा घरी नव्हते, तरी त्यांनाच घर सोडावे लागले. हा निव्वळ दांडगेपणा होता, त्याला चर्चा म्हणता येणार नाही. पण शिक्षक काढून टाकल्याने तो थांबला नाही, हेही खरे.

नोकरी गेल्यावर डेरोझिओंनी वृत्तपत्र चालवले. 26 डिसेंबर 1831 रोजी पटकीने त्यांचा अंत झाला. वय बावीस. पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्या भोवतालच्या मुलांचे पुढे काय झाले? रामगोपाल घोष नामांकित इंग्रजी वक्ते झाले. राधानाथ सिकदार सर्वेक्षण खात्यात गेले. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडले जाते. इंग्रजीमुळे मातृभाषा सुटते असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो : याच राधानाथांनी प्यारीचंद मित्रांसह 1854 साली सोप्या बंगालीतले मासिक काढले.

या तरुणांनी 1838 साली ज्ञानप्रसारासाठी नवी सभा स्थापली. तीत इंग्रजी आणि बंगाली दोन्ही भाषांत निबंध वाचले जात. फेब्रुवारी 1843 मध्ये दक्षिणारंजन मुखर्जी कंपनी सरकारच्या न्यायालयांवर व पोलिसांवर टीका करणारा निबंध वाचत होते. सभा कॉलेजच्या इमारतीत होती आणि कॉलेजचे प्राचार्य रिचर्डसन तेथे बसले होते. ते स्वतः इंग्रजीचे नावाजलेले प्राध्यापक. त्यांनी मध्येच उठून वाचन थांबवायचा प्रयत्न केला, सभेला राजद्रोहाचा अड्डा ठरवले. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. ते डगमगले नाहीत. प्राचार्य येथे पाहुणे आहेत, सभेच्या कामात अडथळा आणण्याचा त्यांना अधिकार नाही, त्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत, असे त्यांनी इंग्रजीच्या त्या प्राध्यापकांना इंग्रजीतच बजावले.