गाडगे, खराटा आणि आपली कचऱ्याची पिशवी

डिसेंबर लागला की आमच्या प्रतापनगरात संत्र्यांच्या हातगाड्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या राहतात. घरात डझनाने संत्री येतात आणि सालींचा ढीग पडतो. याच महिन्याच्या २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. मी शाळेत शिकवत होते तोवर त्या दिवशी आम्ही बाबांच्या फोटोला हार घालायचो, मुलांच्या हाती झाडू द्यायचो, पटांगण लख्ख करायचो आणि गोळा झालेला सगळा कचरा भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर टाकून यायचो. पटांगण स्वच्छ झाले म्हणून टाळ्या व्हायच्या. त्या प्लॉटचे काय झाले, हे कधी कुणी विचारले नाही. मीही नाही.

निवृत्तीनंतर एका सकाळी मात्र तो प्रश्न माझ्याच दारात येऊन उभा राहिला. आदल्या रात्री काचेचा पेला फुटला होता. तुकडे उचलून मी भाजीच्या देठांसोबत, संत्र्यांच्या सालींसोबत त्याच काळ्या पिशवीत टाकले आणि गाठ मारली. सकाळी कचऱ्याची गाडी आली. गाडीवरच्या मुलाने पिशवी उचलली आणि झटक्याने हात मागे घेतला. तळव्यातून रक्त वाहत होते. मी हळद आणली, पट्टी बांधली, दवाखान्याचे पैसे देऊ केले. तो काही बोलला नाही. हात फडक्यात गुंडाळून पुढच्या घराकडे गेला. त्याचा तो न बोलणेपणा मला फार लागला. आयुष्यभर फळ्यावर स्वच्छतेचे धडे लिहिणारी मी, माझ्या घरातली काच मी दुसऱ्याच्या तळव्यात रुतवली होती.

त्या दिवसापासून मी गाडगेबाबांकडे नव्याने पाहू लागले. फोटोतला म्हातारा बाजूला ठेवला आणि माणूस शोधू लागले.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परीट समाजातले. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी लवकर गेले, तेव्हा डेबू लहानच होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामाकडे डेबूने गुरे राखली, नांगर धरला, शेतीत जीव ओतला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात सापडली. अक्षरओळख नसली की कागदावरचा आकडा माणसाला कसा गिळतो, हे त्याने त्या घरात जवळून पाहिले. स्वतःला लिहिता-वाचता न येणारा हा माणूस पुढे गावोगाव शिक्षणाचा आग्रह धरत हिंडला, त्याचे मूळ या अनुभवात असावे असे मला वाटते.

लग्न झाले, कुंताबाई घरात आल्या. मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. डेबूजींनी ते नाकारले आणि गोड जेवण घातले. आज हे वाचताना साधे वाटते. पण ज्या घरचा कर्ता पुरुष दारूने गेला, त्या घरातल्या तरुणाने भावकीसमोर उभे राहून रिवाज मोडायचा, याला किती धैर्य लागले असेल! लोक काय म्हणतील या तीन शब्दांपुढे आपण शिकलेली माणसेसुद्धा कशी मान टाकतो, हे मी माझ्यावरूनच सांगू शकते. त्याविषयी पुढे सांगेन.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. बरोबर काय घेतले? अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा. हातात काठी आणि पुढे कायमचा सोबती झालेला खराटा. डोक्यावर मातीचे फुटके गाडगे. तहान लागली की त्यातच पाणी, भूक लागली की त्यातच भाकरी आणि ऊन लागले की तीच टोपी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले, कुठे कुठे चिंधेबुवाही म्हणत.

या वेषाकडे जरा थांबून बघा. त्यात विकत घेतलेले जवळजवळ काही नाही. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंनी या माणसाचा संसार भरला होता. आणि कानातली ती बांगडीची काच! मी जी काच पिशवीत कोंबून मोकळी झाले, तसलीच काच त्यांनी अंगावर वागवली. हे लक्षात आले त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे वडील दर्यापूर तालुक्यातले. लहानपणी त्यांना आजोबांनी ऋणमोचनच्या जत्रेला नेले होते. पूर्णा नदीच्या काठी पौषातल्या रविवारी ही जत्रा भरते. पूर्वी काठावर चिखल असायचा, म्हातारीकोतारी माणसे घसरून पडायची. बाबांनी स्वतः राबून आणि लोकांना राबवून तिथे घाट उभा केला. वडिलांना आठवायचे ते वेगळेच. सगळे लोक देवळाकडे चाललेले आणि एक चिंध्या पांघरलेला माणूस सगळ्यांकडे पाठ करून खराट्याने वाट झाडतो आहे. आजोबांनी वाकून नमस्कार करायला सांगितले, तर तो माणूस पायाला हात लावू देईना. वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी स्वतःचे पाय मागे ओढून दाखवत.

बाबांची रीत ठरलेली असे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे. नाल्या उपसायच्या. दिवसभर गाव बघत राही, मग लाजून एकेक जण हाती झाडू घेई. रात्री कीर्तन. दिवसा गावाचे अंगण झाडायचे आणि रात्री गावाचे डोके, असे त्यांचे काम चाले. कीर्तनही कसे, तर आपल्या वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसांना प्रश्न विचारत जायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, हे सारे त्यातून येई. जेवायचे भांडे नसले तरी चालेल, हातावर भाकरी घ्या, पण पोराला शाळेत घाला, अशी त्यांची शिकवण होती.

लोकांनी विश्वासाने पैसा दिला आणि त्यातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एवढ्या इमारती उभारणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकामुलांना त्यातली खोली दिली नाही. धर्मादाय अन्नाचा घास घरच्यांच्या मुखी जाऊ नये यावर त्यांचा कटाक्ष असे. कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले. मला इथे नेहमी कुंताबाई आठवतात. बाबांच्या साधेपणाची अर्धी किंमत त्यांनी चुकवली, त्यांच्या नावाची मात्र पुण्यतिथी होत नाही. १९२३ मध्ये मुलगा गोविंद कुत्रा चावल्याने गेला. बाप तेव्हा लोकांमध्ये होता, आणि दुःख गिळून लोकांमध्येच राहिला.

१९५६ हे वर्ष आम्हा नागपूरकरांना विसरता येत नाही. १४ ऑक्टोबरला आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. मागे उरली ती लोकांची संस्था, लोकांच्या इमारती. स्वतःच्या नावावर काहीच नव्हते.

पुढे १९७७ मध्ये राजदत्त यांनी त्यांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट काढला. डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबा उभे केले. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. २०००-०१ पासून राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि कितीतरी गावांनी हाती खराटा घेतला. हे सारे चांगलेच झाले. पण शहरातल्या आपल्या घरात काय झाले?

आता मी वर म्हटलेली गोष्ट सांगते. मुलीच्या लग्नात पंगत पळसाच्या पत्रावळींवर बसवावी असे माझ्या आईचे म्हणणे होते. आपल्या विदर्भात पळसाला काय तोटा! मी म्हटले, पाहुणे शहरातले आहेत, बरे दिसणार नाही. थर्माकोलच्या ताटल्या आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या मागे त्या ताटल्यांचा ढीग आणि त्यात तोंड घालणारी गाय मी पाहिली. आई काही बोलली नाही. तिच्या जाण्यानंतर ती न बोललेली गोष्टच जास्त ऐकू येते. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी घातली. कायद्याला उशीर झाला म्हणावा, तर माझ्या आईला ते आधीच कळले होते आणि मला कळायला कायदा लागला.

काचेच्या प्रसंगानंतर आम्ही घरात काही गोष्टी बदलल्या. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा. २०१६ च्या नियमांनी सांगितले होतेच, पण आम्ही कागदावर वाचून सोडले होते. काच फुटली की जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी द्यायची. जुन्या ब्लेड, सुया, संपलेले सेल, औषधे वेगळ्या डब्यात. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या धुऊन वाळवून भंगारवाल्याला. खरकटे लागलेला कागद कुणी घेत नाही, कोरडा घेतात. एवढी साधी गोष्ट, पण त्यावर कुणाची तरी दिवसाची मजुरी ठरते. भाजीची देठे आणि संत्र्यांच्या साली गच्चीवरच्या जुन्या माठात, मध्ये वाळलेल्या पाल्याचे थर. साली बारीक तोडून थोड्या थोड्या घातल्या तर लवकर कुजतात, अख्ख्या टाकल्या तर माठ आंबूस होतो, हे दोनदा फसल्यावर कळले. फुटलेल्या माठाची खापरी कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवते, माती वाहून जात नाही. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून घेतली. सुनेने उरलेल्या फडक्यांच्या पिशव्या केल्या.

सून हौशी आहे. मध्यंतरी तिने पर्यावरणपूरक म्हणून बऱ्याच वस्तू मागवल्या. बांबूचे ब्रश, सुंदर छापाच्या कापडी पिशव्या, कागदी पेले. मला कौतुक वाटले आणि मग आम्ही दोघींनी मिळून हिशेब केला. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीत सहज जात नाही. विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पिशव्या घरच्या माठात कुजत नाहीत, त्यांना कारखान्यातली उष्णता लागते. कापडी पिशवी चांगली, पण शेकडो वेळा वापरली तरच. घरात दहा पिशव्या असताना अकरावी घेणे हा नुसता शौक झाला. आधी घेऊच नये, घेतले तर संपेपर्यंत वापरावे, मग कुणाला उपयोगी पडेल असे द्यावे आणि शेवटी मातीला मिळेल असे पाहावे. या क्रमाला आज मोठमोठी नावे आहेत. बाबांच्या गाडग्यात तो सगळा बसला होता.

एक मात्र जपायला हवे. बाबांच्या चिंध्यांचे आपण नुसते गोडवे गाऊ नयेत. चिंध्या नेसणे त्यांनी निवडले, पण या देशात लाखो माणसांनी ते निवडलेले नसते. दुसऱ्यांची घाण उपसायचे काम काही जातींच्या माथी मारले गेले. बाबांचे मोठेपण यात आहे की, त्यांनी तो खराटा सगळ्या गावाच्या हातात दिला. पाटलाच्याही आणि सावकाराच्याही. घाण ज्याने केली त्यानेच ती आवरावी. आज भांडेवाडीच्या डेपोवर आपल्या घरचा कचरा हाताने निवडणारी माणसे आहेत. आपण घरी दोन डबे ठेवले तर आपले फारसे काही जात नाही. त्यांचे मात्र हात वाचतात.

गेल्या महिन्यात नातवाचा पहिला वाढदिवस झाला. मंगल कार्यालयातल्या माणसाने ताटल्यांचा विषय काढला. मी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण सांगितले, पाण्यासाठी घरचे आणि शेजारचे स्टीलचे पेले. नात्यातल्या एक-दोघांनी नाक मुरडले. सून माझ्या बाजूने उभी राहिली. जेवणे झाल्यावर पत्रावळी एका शेतकरी पाहुण्यांनी खताच्या खड्ड्यासाठी पोत्यात भरून नेल्या. हॉलमागे ढीग नव्हता. आई असती तर, असे मनात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. तोच मुलगा होता. तळव्यावर पांढरी रेघ अजून दिसते. मी दोन डबे पुढे केले. त्याने सवयीने आधी डब्यात डोकावून पाहिले आणि मग हात घातला.