वेळेचे व्रत : सर विश्वेश्वरय्या

बेळ्ळंदूर हे एके काळी बेंगळूरजवळचे तळ्याकाठचे खेडे होते. आज ते त्या महानगराचाच गजबजलेला भाग झाले आहे. तेथील अनेक घरांत, तसेच आपल्याही घरांत, प्रातःकाळी एकच दृश्य दिसते. शाळेची गाडी दाराशी येते आणि मुलाची वही सापडत नाही. माता रागावते, पिता घड्याळाकडे पाहतो आणि मूल रडवेले होऊन बाहेर पडते. अशा गृहस्थांनी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या चरित्राचे मनन करावे.

मुद्देनहळ्ळी गावी एका संस्कृतज्ञ ब्राह्मणाच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. मामांच्या आश्रयाने ते बेंगळुरास शिकले आणि इतरांच्या मुलांना शिकवून त्यांनी आपला खर्च भागविला. शिकवणी आणि स्वतःचे अध्ययन एकाच दिवसात बसवावयाचे, तर घटका वाया घालविणे परवडण्यासारखे नव्हते. १८८१ साली ते पदवीधर झाले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई सरकारच्या सेवेत नाशिकास रुजू झाले.

पाण्याचा अपव्यय थांबविणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी पाणी नेमाने, पाळीपाळीने देण्याची पद्धत घातली. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी मर्यादेपलीकडे चढले की ते आपोआप उघडत आणि ओसरले की आपोआप मिटत. जवळ कोणी उभे राहावे लागत नसे. १९१२ ते १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न लाभले. शंभरी गाठूनही नीटनेटका पोशाख आणि ठरल्या वेळी ठरलेले काम हा नेम त्यांनी सोडला नाही. १४ एप्रिल १९६२ रोजी बेंगळुरास त्यांनी देह ठेवला.

वेळही पाण्यासारखीच आहे. आपण मात्र मुलांच्या दाराशी पहारेकरी होऊन बसतो. ऊठ, आवर, अभ्यास कर, असे दिवसभर बजावतो. आपण नसलो की सारे थांबते. मुलाचे मन त्या दरवाजासारखे स्वतःच उघडू-मिटू लागावे, हे खरे संगोपन होय. यासाठी घरात प्रत्येक वस्तूस एक जागा असावी. दप्तर रात्रीच, मुलाने स्वहस्ते भरावे. निजणे, अभ्यास आणि खेळ यांच्या वेळा त्यालाच विचारून ठरवाव्यात, कारण स्वतः मान्य केलेला नेम पाळावासा वाटतो. खेळाचा वेळ कधीही कापू नये. आरंभी काही दिवस त्याच्यासोबत उभे राहावे, मग हळूहळू मागे सरावे. एखाद्या दिवशी वही घरी राहिली, तर ती घेऊन शाळेकडे धावू नये. ती चूक त्याला शिकवील.

आणि पाच वाजता येतो असे सांगून आपण सात वाजता परतत असू, तर मूल आपले शब्द नव्हे, आपले वर्तन शिकते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, कर्म आणि निद्रा यांत युक्त राहण्याचा मार्ग दाखविला आहे. त्याचा आरंभ मोठ्यांनी आपल्यापासूनच करावा.