सायरस लेव्हिंथॉल

सायरस लेव्हिंथॉल (जन्म : २ मे, १९२२, फिलाडेल्फिया; मृत्यू : ४ नोव्हेंबर, १९९०) हे अमेरिकन रेण्वीय जीवशास्त्रज्ञ होते. प्रथिनांची त्रिमितीय रचना संगणकाच्या पडद्यावर दाखवून ती फिरवण्याच्या व बदलण्याच्या तंत्राचे ते प्रवर्तक मानले जातात. प्रथिनांच्या घडीसंबंधीचा 'लेव्हिंथॉल विरोधाभास' त्यांच्या नावाने ओळखला जातो.

सुरुवातीचे संशोधन

लेव्हिंथॉल यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली व मिशिगन विद्यापीठात सात वर्षे अध्यापन केले. तेथे ते जीवशास्त्राकडे वळले. डीएनएची प्रत तयार होताना त्याचे परस्परांत गुंफलेले दोन धागे कसे उलगडत असतील, याविषयी त्यांनी १९५६ मध्ये एच. आर. क्रेन यांच्यासह विवेचन केले. १९५७ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) रुजू झाले. जनुक व प्रथिन यांतील संबंध आणि संदेशवाहक आरएनए हे त्यांचे तेथील प्रमुख विषय होते.

पडद्यावरील रेणू

त्या काळी प्रथिनांच्या प्रतिकृती धातूच्या सळ्या जोडून तयार करीत. अशा प्रतिकृतीत लहानसा बदल करणेही वेळखाऊ असे. एमआयटीमधील 'प्रोजेक्ट मॅक' या प्रकल्पात अनेकांना एकाच वेळी वापरता येणारा संगणक व त्याला जोडलेला चित्रपडदा उपलब्ध झाला. लेव्हिंथॉल यांनी सहकाऱ्यांसह १९६०च्या दशकाच्या मध्यास त्यावर रेणूंची रेषाचित्रे दाखवण्यास आरंभ केला. पडदा सपाट असला, तरी चित्र सतत फिरत राहिल्याने पाहणाऱ्यास खोलीचा भास होई. फिरण्याची दिशा व वेग हाताने नियंत्रित करता येत असे.

प्रथिनाच्या साखळीचा आकार मुख्यतः तिच्या बंधांभोवतीच्या कोनांवर अवलंबून असतो. लेव्हिंथॉल यांच्या कार्यप्रणालीत हे कोन बदलून रेणूची ऊर्जा मोजता येई व ती टप्प्याटप्प्याने कमी करता येई. मात्र गणन अनेकदा एखाद्या उथळ ऊर्जा-खळग्यात अडकून पडे. अशा वेळी वापरकर्ता पडद्याकडे पाहून हस्तक्षेप करी व रेणूचे भाग ओढून नवी मांडणी सुचवी. या कार्याचा परिचय करून देणारा त्यांचा लेख 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या जून १९६६ च्या अंकात प्रसिद्ध झाला.

लेव्हिंथॉल विरोधाभास

सर्व शक्य आकार तपासून योग्य आकार शोधणे संगणकाला अशक्य असेल, तर निसर्ग ते कसे साधतो? १९६८ व १९६९ मध्ये लेव्हिंथॉल यांनी हा प्रश्न मांडला. १५० अमिनो आम्लांच्या प्रथिनाला त्यांच्या अंदाजानुसार १०^३०० (१ या अंकापुढे ३०० शून्ये) इतके आकार शक्य आहेत. ते एकेक करून तपासण्यास विश्वाचे वयही अपुरे पडेल. प्रत्यक्षात मात्र अनेक प्रथिनांची घडी काही सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पडते. घडी पडणे अशक्य आहे, असा याचा अर्थ नाही. ती यदृच्छेने न पडता ठरावीक मार्गांनी पडत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंतिम आकार हा सर्वांत कमी ऊर्जेचाच असेल असे नाही, असेही त्यांचे मत होते.

कोलंबिया विद्यापीठ

१९६८ मध्ये ते न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या नव्या जीवविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी संगणकीय चित्रणाचा उपयोग मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठीही केला. डॅफ्निया या जलपिसवेच्या मज्जासंस्थेचे पातळ छेद घेऊन त्यांवरून चेतापेशींची त्रिमितीय रचना संगणकावर जुळवण्यात आली. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

वारसा

एमआयटीमध्ये त्यांच्यासह काम केलेले रॉबर्ट लँग्रिज यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकीय चित्रण प्रयोगशाळा उभारली. 'कायमेरा' ही आज्ञावली याच प्रयोगशाळेत तयार झाली. 'पायमॉल' किंवा 'कायमेरा' वापरून आज विद्यार्थी प्रथिनातील एखादे अमिनो आम्ल बदलू शकतात आणि दोन ज्ञात आकारांमधील स्थित्यंतराची चलचित्रे बनवू शकतात. अशा चलचित्रांतील मधल्या अवस्था बहुधा गणिताने भरून काढलेल्या असतात. प्रथिन प्रत्यक्षात त्याच मार्गाने जाते असे त्यांवरून सिद्ध होत नाही. हा मार्ग कोणता, हा लेव्हिंथॉल यांनी विचारलेला प्रश्न आजही संशोधनाचा विषय आहे.