नारायण मल्हार जोशी
नारायण मल्हार जोशी, ऊर्फ ना. म. जोशी (५ जून, इ.स. १८७९ – ३० मे, इ.स. १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे एक आद्य संघटक, समाजसेवक व केंद्रीय विधिमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी होते. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात भारतीय कामगारांचे प्रतिनिधित्व त्यांनी केले. मुंबईच्या गिरण्यांप्रमाणेच वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना लागू झालेल्या कामगार कायद्यांच्या इतिहासाशीही त्यांचे नाव निगडित आहे.

पूर्वायुष्य

जोशी यांचा जन्म कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. इ.स. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. इ.स. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करून त्यांनी गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालवली. चाळींतील या कामातूनच ते कामगार प्रश्नाकडे वळले.

वॉशिंग्टन परिषद आणि आयटक

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अस्तित्वात आली. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेसाठी सरकारने जोशी यांची कामगार प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. परिषदेने आठ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा हे तत्त्व मान्य केले. भारतासाठी मात्र अपवाद करून आठवड्याची मर्यादा ६० तास ठरवण्यात आली. आज ही मर्यादा फार मोठी वाटते. परंतु भारतातील सर्व प्रौढ कारखाना-कामगारांना साप्ताहिक तासांची मर्यादा तोवर मुळीच नव्हती. इ.स. १९२२ च्या कारखाने कायद्याने ती अमलात आली आणि मुलांना कामावर घेण्याचे किमान वय १२ वर्षे झाले.

कामगार प्रतिनिधी प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, असा आंतरराष्ट्रीय नियम होता आणि भारतात तशी अखिल भारतीय संघटनाच नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसमागे (आयटक) हेही एक कारण होते. तिच्या संस्थापकांत जोशी होते. पुढे ते तिचे सरचिटणीस झाले.

विधिमंडळातील कार्य

इ.स. १९२१ पासून जोशी केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नामनियुक्त सदस्य होते. संप घडवल्याबद्दल युनियनच्या पुढाऱ्यांवर दिवाणी दावे होऊ शकत. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणात तसे घडलेही होते. युनियनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव जोशी यांनी इ.स. १९२१ मध्ये मांडला. कायदा होण्यास इ.स. १९२६ उजाडले. इ.स. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेले प्रसूती लाभ विधेयक फेटाळले गेले. मात्र तशा स्वरूपाचे कायदे मुंबई प्रांताने इ.स. १९२९ मध्ये आणि मध्य प्रांताने इ.स. १९३० मध्ये केले.

नागपूरची फूट

इ.स. १९२६ मध्ये जोशी यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. इ.स. १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात त्यांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर संयुक्त संप समितीत काम केले. ही एकी टिकली नाही. सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाचे सदस्यत्व जोशी यांनी स्वीकारले होते. इ.स. १९२९ च्या अखेरीस नागपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आयटकच्या अधिवेशनाने याच आयोगावर बहिष्काराचा ठराव केला. स्वतः उभारलेली संघटना सोडून जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले व त्यांनी वेगळा महासंघ काढला. सनदशीर मार्गावरील त्यांच्या विश्वासाची ही मोठी किंमत होती. विरोधकांनी त्यांना सरकारधार्जिणे ठरवले.

आयोगाचे काम मात्र वाया गेले नाही. वरूड-मोर्शीपासून अकोल्यापर्यंतच्या कापूसपट्ट्यातील जिन हंगामी चालत. सरकी वेगळी करण्याचे व गाठी बांधण्याचे काम काही महिन्यांत उरकायचे असल्याने मजुरांचे तास लांबत आणि हंगाम संपताच रोजगारही संपे. आयोगाने हंगामी कारखान्यांचाही विचार केला. त्यानंतरच्या इ.स. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दिवसाला १० व आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. हंगामी कारखान्यांसाठी मात्र ती ११ व ६० तास अशीच राहिली. म्हणजे वऱ्हाडातील जिन मजूर मुंबईच्या गिरणी कामगाराच्या मागेच राहिला.

उत्तरायुष्य

फुटीनंतरची पुनर्जुळणीही नागपुरातच सुरू झाली: इ.स. १९३८ मध्ये दोन्ही बाजू एकत्र आल्या. इ.स. १९४० मध्ये विलीनीकरण पूर्ण होऊन जोशी पुन्हा सरचिटणीस झाले व इ.स. १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. लंडनच्या गोलमेज परिषदेत ते कामगारांचे प्रतिनिधी होते; आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी काम केले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईतील लोअर परळ भागातील पूर्वीचा डिलाइल रोड आता ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो.