लाख सुनांची सासू

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गावात कोणीही भेटले की बोलणे ठरलेले असते : शिकून काय करणार, पोरीच्या जातीला शेवटी चूल चुकत नाही. या बोलण्याचा मला इतका राग येई की मी चुलीपाशी जायचेच टाळू लागले. पुस्तक उघडून बसले की आईही हाक मारत नसे.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचे ग्रंथालयात परत करायचे पुस्तक माझ्या पिशवीत राहिले. ते होते 'रुचिरा'. पाककृतींचे पुस्तक म्हणून मी ते बाजूलाच ठेवले होते. पण लेखिकेविषयी एक गोष्ट कळली आणि मी चमकले. कमलाबाई ओगले यांचे शिक्षण फक्त चौथीपर्यंत झाले होते. माझी आईही चौथीच शिकली आहे.

कमलाबाईंचा जन्म 16 सप्टेंबर 1913 रोजी सांगली जिल्ह्यातील कुंडल गावी झाला. शाळा लवकर सुटली. लग्न होऊन त्या ओगल्यांच्या घरी आल्या आणि स्वयंपाकाचे खरे धडे त्यांनी सासूबाईंच्या हाताखाली गिरवले. त्या काळी हे शिक्षण डोळ्यांनी पाहून आणि हाताने करूनच होई. ते कोणी लिहून ठेवीत नसे. सासूने सुनेला दाखवावे, तिने पुढे आपल्या सुनेला. मधली एखादी कडी निखळली की विद्या तिथेच संपली.

कमलाबाईंनी ही विद्या कागदावर उतरवली. 'रुचिरा' 1970 साली किर्लोस्करांनी प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. पुस्तकाचे मोठेपण मला त्यातल्या मापांत दिसते. प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा हीच त्यांची मापे. नोकरीनिमित्त कुटुंबे शहरांत विखुरली होती. नव्या संसारात शेजारी सासू नव्हती, पण वाटी-चमचा होता. म्हणून मुलीच्या लग्नात हे पुस्तक आहेर म्हणून दिले जाऊ लागले आणि परदेशी निघालेल्या मराठी माणसांच्या सामानातही ते गेले. पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या आणि कमलाबाई लाख सुनांच्या सासूबाई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. 20 एप्रिल 1999 रोजी त्यांचे निधन झाले.

असेच काम इटलीत पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या व्यापाऱ्याने केले होते. प्रकाशक मिळेना, तेव्हा 1891 साली त्याने घरगुती पाककृतींचे पुस्तक पदरच्या पैशांनी छापले. तिकडच्या रिसोत्तो या भाताची कृतीही त्यात आहे. या भातात गरम रस्सा थोडा थोडा घालत आणि ढवळत तांदूळ शिजवतात, म्हणजे तो दाटसर होतो. आपला मसालेभात याच्या अगदी उलट, शीत न् शीत मोकळे हवे. पण दोन्हींची मेख एकच : पाणी किती आणि केव्हा.

ही मेख मला आमच्याच घरात कळली. द्राक्षबागेत थिनिंगचे दिवस होते. आई पहाटेच कामाला गेली होती आणि दुपारी अचानक मामा आले. मी आईच्या रीतीने मसालेभात टाकला. आई तांदूळ मुठीने घेते आणि तांदळावर बोटाचे एक पेर बुडेल इतके पाणी ठेवते. मीही तसेच केले आणि भाताचा पार गिचका झाला. मामा मुकाट्याने जेवले. संध्याकाळी आईने भात पाहिला आणि हसून माझा हात आपल्या हाताशेजारी धरला. तिची मूठ माझ्या मुठीहून लहान आणि बोटे कामाने जाड झालेली. आईचे पेर आणि माझे पेर कसे सारखे असेल? वाटी मात्र दोघींची एकच.

पुढच्या रविवारी मी वाटी घेऊन आईपाशी बसले. ती मुठीने तांदूळ घेई, मी ते वाटीने मोजून वहीत लिही. पाणी मोजले, तेल मोजले, आमच्याकडचा काळा मसाला चमच्याने मोजला. इतकी वर्षे तिला कोणी असे विचारलेच नव्हते. चुलीचा राग धरताना आपण आईच्या विद्येलाही अडाणीपणात जमा करत होतो, याची मला लाज वाटली. चुलीपाशीच राहायचे नाही हा माझा निश्चय आजही कायम आहे. पण तिथले शहाणपण लिहून ठेवणे हेही शिकलेल्या मुलीचे काम आहे, हे मला कमलाबाईंनी शिकवले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आईने 'रुचिरा' मागून घेतले. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर जुळवीत, तिने एक अख्खी कृती वाचली. पुढचे पान आपणच उलटले. आईला पुस्तक वाचताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.